अख्ख्या कोंबडीचा ठोसा

तालुक्याहून आलेल्या मॅडमनी आमच्या बायकांना घरखर्च शिकवला तो दिवस मंगळवार होता. गावच्या कचेरीच्या ओसरीवर चाळीस बायका चटयांवर दाटीनं बसल्या होत्या. प्रत्येकीला एक कागद, एक पेन आणि घोटभर पाण्याचा प्लास्टिकचा पेला मिळाला. पेन जाताना परत द्यायचं होतं.

कागदावर तीन रकाने छापलेले होते. गरज, हौस, बचत. मॅडम पंचविशीच्या असतील. बोटं लांब, नखं स्वच्छ. त्या म्हणाल्या, मिळकत किती यावर आपलं काही चालत नाही, पण खर्चावर चालतं. अंथरूण आहे तेवढेच पाय पसरायचे, एवढंच मी शिकवायला आलेय. शेजारी खुर्चीवर गावप्रमुखाची बायको बसली होती. लुराह म्हणजे गावप्रमुख, बू म्हणजे बाई; गाव तिला बू लुराह म्हणतं. तिनं मान डोलावली, आणि तिची मान डोलली म्हणून चाळीस माना डोलल्या.

"तुम्ही सांगा, बू," मॅडमनी पहिल्या ओळीतल्या तुर्सीतीकडे बोट केलं. "गेल्या आठवड्यात नको असलेलं काय घेतलंत?"

तुर्सीतीचा नवरा दस्लाम माडांवर चढून नीरा काढतो आणि ती त्या नीरेचा गूळ करते. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाकाच्या शिंतोड्यांनी भाजलेले, ठिपक्याठिपक्यांचे. तिनं बराच विचार केला.

"सासूला पानाला चुना."

"तो कुठल्या रकान्यात लिहिलात?"

"लिहिला नाही. नीरा आंबू नये म्हणून नळ्यांत घालायला आणतो, त्यातलाच बोटभर दिला."

बायका हसल्या. मॅडमनाही हसू आलं. त्यांनी तिचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला. बघा, म्हणाल्या, हौसेचा रकाना अख्खा कोरा. असं हवं. बू लुराहनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. तुर्सीती कानापर्यंत लाल झाली. तिला बरं वाटलं हे तिनं नंतर कबूल केलं. इतक्या वर्षांत गरिबीबद्दल कुणी टाळी वाजवली नव्हती.

मागून दार्येम ओरडली. दार्येम तुर्सीतीची शेजारीण, तोंडाची फटकळ. "मॅडम, ठोसा कुठं लिहायचा?"

"कसला ठोसा?"

हशा पिकला. मॅडम शहरातल्या, त्यांना माहीत नव्हतं. कुणाकडे लग्न किंवा सुंता निघाली की यजमान घरोघर जेवणाची टोपली पाठवतो. आम्ही तिला ठोसाच म्हणतो. टोपली हातात घेतली की तुम्ही बांधले गेलात. ठरल्या दिवशी तांदूळ आणि पाकीट घेऊन जायचं. टोपलीत अंडं असेल तर पन्नास हजार रुपिया. कोंबडीचा तुकडा असेल तर लाख. आणि अख्खी कोंबडी आली तर त्या माणसानं पूर्वी तुमच्या कार्याला जे काही दिलं असेल ते सगळं त्यानं परत मागितलंय. आमच्या लाखाचं कौतुक करू नका. एक अंडं दोन हजाराला येतं.

मॅडम म्हणाल्या, "ते हौसेत लिहा."

"हौस?" दार्येम म्हणाली. "बसारमध्ये माझ्या दारात बारा हौशी येतात. मी एकीलाही बोलवत नाही."

बसार हा आमचा लग्नांचा महिना. दोन दिवसांवर आला होता.

तेव्हा बू लुराह उठली. गोड आवाज आहे तिचा. "ती गरज नाही आणि हौसही नाही, बायांनो. ते आपलं एकमेकांना धरून राहणं आहे. ते कागदावर मावत नाही." मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं. मग पेनं गोळा झाली.

*

तुर्सीतीला त्या महिन्यात एकच गोष्ट करायची होती. मुलीचा दाखला सोडवायचा होता.

नुर्यानी बारावी पास झाली होती, पण शाळेची बारा लाख फी थकलेली. फी भरेपर्यंत दाखला कपाटातून बाहेर काढणार नाही, असं शाळेनं सांगितलं होतं. शेजारच्या शहरात खोट्या पापण्यांचा कारखाना आहे. मुली दिवसभर खाली मान घालून दोऱ्यावर एकेक केस गाठवतात आणि महिन्याला बावीस लाख घेतात. कारखान्यात भरती निघाली होती. महिनाअखेरीपर्यंत दाखला दाखवायचा, नाहीतर पुढल्या वर्षी या.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा लाख साठ हजार जमले होते. ते जमायला चौदा महिने लागले. चौदा महिन्यांत त्या घरानं अंडं विकत घेतलं नाही. दस्लामनं पाकिटातली सिगारेट सोडली, मक्याच्या सालीत तंबाखू वळून ओढू लागला. नुर्यानी वर्गात एकटीच बुटांना आतून पुठ्ठा लावून जायची. मोठा मुलगा रुस्मिन समुद्रापलीकडे कालिमंतानला तेलमाडांच्या मळ्यात होता. तो खुशाली पाठवायचा. पैसे पाठवायचा नाही.

चाळीस हजार कमी होते. तीन-चार दिवसांचं काम. तुर्सीतीनं हिशेब केला होता: महिना लागला की आठ ठोसे येतील, सगळे अंड्याचे, त्यांचे तांदूळ तिनं आधीच मडक्यात साठवले होते आणि पाकिटांचे पैसे वेगळे काढले होते. डब्याला हात लागणार नव्हता. तिचा हिशेब बरोबर होता. मी त्यांच्याच गल्लीतला, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावात सगळे म्हणाले की तिला हिशेब येत नाही.

मग अवेळी पाऊस लागला. ते दिवस कोरड्याचे. या महिन्यात पहाटे थंडी वाजते, आभाळ निळं असतं आणि नीरा दाट येते. त्या वर्षी नऊ दिवस सारखी रिपरिप लागली. माडाचे बुंधे शेवाळले. दस्लाम पहाटे साडेपाचला निघायचा, कमरेला कोयता, खांद्यावर बांबूचे दहा नळे. बुंध्यावरच्या खाचांत अंगठा रुतवून वर चढायचं, पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक पातळसं कापायचं, भरलेला नळा काढायचा, रिकामा अडकवायचा, उतरायचं. बावीस माड. दुपारी पुन्हा तेच बावीस. एक वेळ चुकली तर पोय सुकते. त्याच्या तळपायांना इतकी जाड कातडी आली होती की चालताना फरशीवर टकटक वाजायचं. पावसात ती कातडी फुगून पांढरी पडली आणि चिरली.

"आज चौदावा माड सोडला," एका सकाळी तो नळे उतरवत म्हणाला.

"का?"

"पाय धरत नव्हता."

गेल्या साली याच माडांतल्या एकावरून दार्येमचा नवरा पडला होता. आता तो घरात बसून खराटे बांधतो.

नीरेत पाणी मिसळलं होतं. चार तासांत आटायची ती सहा तासांत आटेना. ओली लाकडं धुमसत होती. म्हातारी सादेम, दस्लामची आई, चुलीशी बसून फुंकणीनं फुंकत होती. तिला दात नाहीत, त्यामुळे अर्धी हवा बाजूनंच जायची. तुर्सीती कढईत उलथनं फिरवत होती, डोळे चुरचुरत होते. पाक करवंट्यांत ओतला. संध्याकाळी करवंट्या उपड्या केल्या तेव्हा गूळ बसलाच नव्हता. करवंटीतून तो शेंबडासारखा ओघळला.

गूळ घेणारा सोबिरीन मोटारसायकलवरून आला. त्यानं बोट बुडवून चाटलं.

"हा गूळ आहे की जखमेचा पू?"

"पाऊस आहे," तुर्सीती म्हणाली.

"पाऊस माझ्याही अंगावर पडतो, यू." आमच्याकडे ताईला यू म्हणतात. "किलोला सात हजारानं घेईन."

"पंधरानं घेत होतात."

"पंधराला उभा राहणारा गूळ. हा बघ, निजलाय." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं तराजू काढला. तुर्सीतीला राग आला, पण तिनं त्याच्यासाठी चहा टाकला. त्याच्याशिवाय गूळ घेणारं गावात कुणी नाही.

महिन्याच्या तेवीस तारखेपर्यंत तिनं सात ठोसे फेडले आणि कुणाकडून काही न घेता डब्यात चाळीस हजार टाकले. कसे, ते तिलाच ठाऊक. घरात तीन दिवस कसाव्याच्या पाल्यावर निभावलं. बारा लाख झाले. त्या संध्याकाळी तिनं नोटा काढून चटईवर मांडल्या आणि नुर्यानीला हाक मारली.

"सोमवारी शाळेत जाऊ. तू आणि मी. तो निळा झगा धुऊन ठेव."

नुर्यानीनं नोटांना हात लावला नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "माक, पापण्या कोण लावतं गं एवढ्या?"

"मला काय माहीत. ज्यांना स्वतःच्या पुरत नाहीत त्या."

दोघी हसल्या. म्हातारीही हसली, कशाला ते न कळता.

*

शनिवारी सकाळी बू लुराहचा ठोसा आला.

दोन पोरी मोटारसायकलवरून आल्या, मागे टोपल्यांची उतरंड. बाकीच्या घरांत लहान टोपली दिली. तुर्सीतीच्या दारात मात्र एक पोरगी मोठी टोपली दोन्ही हातांत धरून उतरली. वेताच्या दोरीनं चौफेर बांधलेली. तुर्सीतीचे हात पाकानं बरबटलेले. तिनं कोपरांवर ती झेलली आणि वजनावरूनच तिला कळलं.

"बू लुराहच्या धाकटीचं लग्न," पोरगी म्हणाली. "मंगळवारी. सगळ्यांनी यायचं."

टोपलीतून वास येत होता. नारळाच्या दुधात शिजलेली कोंबडी, गवती चहा, तळलेला कांदा. तुर्सीतीनं दोरी सोडली नाही. फटीतून पाहिलं तेव्हा केळीच्या पानावर पाय दुमडून बसलेली अख्खी कोंबडी दिसली.

अकरा वर्षांपूर्वी रुस्मिनची सुंता झाली तेव्हा लुराह पहिल्यांदा निवडणुकीला उभा होता. त्या साली गावात ज्या ज्या घरी कार्य झालं त्या त्या घरी त्यानं पन्नास किलो तांदूळ आणि तीन लाख रोख पाठवले. लोक भारावले. दस्लामनं त्याच्यासाठी दारोदार फिरून मतं मागितली. गावानं त्याला निवडून दिलं, एकदा, मग पुन्हा एकदा. प्रत्येकाला वाटलं, फिटलं. पण ते मतांचं होतं. तांदळाचं वेगळं लिहून ठेवलं होतं.

पन्नास किलो तांदूळ आजच्या भावानं सात लाखांचा. वर तीन लाख. दहा लाख.

दुपारी दस्लाम नळे घेऊन उतरला. टोपली पाहून तो दाराशीच बसला. पायाच्या चिरेत चिखल भरला होता, तो काडीनं काढत राहिला.

"नुसता अंड्याचा पाठवायला काय झालं होतं तिला," तो म्हणाला.

"कांग, मी परत करते," ती म्हणाली. नवऱ्याला ती कांगच म्हणते.

"वेडी आहेस का?"

"दोरी सोडलेली नाही. दिवस बुडायच्या आत बांधलेलाच परत दिला तर चालतो. सुरिपच्या घरी मयत झालं तेव्हा त्यांनी केला होता."

"आपल्याकडे कोण मेलंय?"

"सांगते की तुमची कंबर गेलीय. महिनाभर चढता येणार नाही. पुढल्या सुगीला फेडू, तांदूळ जास्त घालू."

"उद्या सकाळी सगळं गाव मला माडावर बघणार."

"बघू दे. लाज दहा लाखांची नाही."

दस्लाम बराच वेळ काडी कोरत होता. "कचेरीतली यादी याच महिन्यात नवी होतेय," तो हळू बोलला. "स्वस्त तांदळाची. कुणाचं नाव ठेवायचं ते लुराहच ठरवतो."

"माहितेय मला."

"मग?"

"मग काय, कांग. दाखला एकदाच मिळतो. तांदूळ काय, कसावा खाऊ."

तो उठला. होय म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कोयता उचलून दुपारच्या फेरीला गेला. तुर्सीतीनं तेवढ्यात शेवटचा एक मार्ग करून पाहिला. टोपली फळीवर ठेवली, म्हातारीला लक्ष ठेव सांगितलं आणि सोबिरीनच्या वखारीवर गेली. महिन्याच्या गुळावर उचल मागितली. सोबिरीन म्हणाला, यू, तुझ्या घरी ठोसा तसा माझ्याही घरी. माझ्या टोपलीत बकऱ्याची मांडी होती.

ती परतली तेव्हा साडेचार झाले होते. म्हातारी चटईवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. "म्बाह, कसावा उकडलाय, खाऊन घ्या," तुर्सीती म्हणाली.

"भूक नाही."

तुर्सीतीनं टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली.

*

बू लुराहच्या मागच्या अंगणात मोठ्या ताडपत्रीखाली तीस-पस्तीस बायका राबत होत्या. गावात कार्य असलं की बायका आपणहून जातात, कांदा चिरतात, नारळ किसतात. दार्येमही होती, मांडीत खवणी घेऊन. तुर्सीती डोक्यावर टोपली घेऊन आत आली तेव्हा आधी कुणाला वेगळं वाटलं नाही. मग एकेकीची सुरी थांबली.

"काय गं, चुकून दुसऱ्याचा आला का?" दार्येमनं विचारलं.

बू लुराह आतून आली, हात पुसत. "यू तुर्सीती! या, बसा."

तुर्सीती बसली नाही. वाटेत पाठ केलेलं ती एका दमात बोलली. नवऱ्याची कंबर धरलीय, माडावर चढता येत नाही, कमाई बंद आहे, कृपा करून राग मानू नका, दोरी सोडलेली नाही, पुढल्या सुगीला दुप्पट आणून घालीन. बोलताना तिचा अंगठा जमिनीवर घासत होता.

बू लुराह जराही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "अरेरे," ती म्हणाली, "कंबर? आत्ता तासाभरापूर्वी आमचे हे म्हणत होते, दस्लाम पुलापाशी माडावर दिसला." बायकांतून दबका हुंकार उठला. "असू दे. ज्याची त्याची अडचण. मी काय मागायला बसलेय का?" मग दार्येमकडे वळून, "अन्न फुकट जायला नको. सोडा ती टोपली, दुसऱ्या घरी देऊ. भात विटायच्या आत."

दार्येमनं दोरी सोडली. केळीचं पान बाजूला केलं. आणि गप्प झाली. त्या बाईला गप्प झालेलं गावानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काय?" बू लुराह म्हणाली.

"एक तंगडी नाहीये."

सगळ्या वाकल्या. अख्खी कोंबडी पाय दुमडून बसलेली, पण उजवी बाजू रिकामी. तंगडी मोडून काढलेली, आणि खळ्यात केळीच्या पानाचा बोळा नीट दाबून बसवलेला, वर कांदा पसरलेला. भाताच्या कडेला चार बोटांचे ठसे.

कुणीतरी हसलं. मग हसू थांबेना. "चव घेऊन परत करतेय!" "मीठ कमी होतं का गं?" "दुसरी तंगडी राहिली की, ती का ठेवलीस?" तुर्सीतीनं पाहिलं आणि तिला सगळं समजलं, निजलेली पाठ, भूक नाही म्हणाली ते. तिला सांगता आलं असतं. सासूनं खाल्ली म्हणता आलं असतं. गावभर म्हातारीला उपाशी ठेवते म्हणून नाव झालं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. दीड वर्षात त्या घरात कोंबडी शिजली नव्हती.

"मी खाल्ली," ती म्हणाली.

बू लुराहनं स्वतः टोपली बांधली. दोरीला गाठ मारून तिनं ती तुर्सीतीच्या हातांत दिली आणि तिच्या खांद्यावरून हात फिरवला. "घरी न्या, यू. सगळे मिळून खा. जमेल तेवढंच द्या, मी काही मोजत नाही."

ओसरीवर कचेरीचा कारकून बसला होता. तो मोजत होता. तुर्सीती शेजारून जाताना त्यानं वहीत बोट ठेवून हळूच सांगितलं, "पन्नास किलो, तीन लाख. रुस्मिनची सुंता." स्वस्त तांदळाची यादीही तोच लिहितो.

*

म्हातारी उठून बसली होती. तुर्सीतीनं टोपली तिच्यापुढे ठेवली.

"मला वाटलं आपल्याच घरी आलंय," म्हातारी म्हणाली. "आपल्याच घरी आलं होतं ना?"

"हो, म्बाह."

"मग परत का नेलंस?"

तुर्सीतीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. दस्लाम न्हाऊन आला, त्यानं टोपली पाहिली, बायकोचं तोंड पाहिलं आणि आईकडे पाहिलं. म्हातारीनं हात पदराखाली लपवले. त्यानं हात उगारला असं तुर्सीतीला वाटलं होतं, पण तो फक्त भिंतीवरची दोरी काढायला उचलला होता. दोरी काढून तिचं काय करायचं ते न कळून त्यानं ती परत अडकवली.

नुर्यानीनं चटई घातली. ताटं आणली. तिनंच दोरी सोडली, तिनंच कोंबडी फाडली आणि वाटली. बापाच्या ताटात छाती, आईच्या ताटात दुसरी तंगडी, आजीपुढं मऊ मऊ वेचून.

"तू?" तुर्सीती म्हणाली.

"खा तुम्ही. माझा दाखला आहे. चांगला शिजलाय."

दस्लामनं घास तोंडाजवळ नेऊन थांबवला. "नुर."

"खरंच बापा. एवढा महाग दाखला वर्गात कुणाचा नाही."

ती असं बोलली आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. ती मोरीत गेली आणि बराच वेळ पाणी ओतत राहिली. इकडे तिघांनी ती कोंबडी खाल्ली. टाकून देणं शक्य नव्हतं. हाडं चोखली, हाडांतला मगज चोखला, पानावरचा रस्सा बोटानं पुसून घेतला. तुर्सीती मला पुढे एकदा म्हणाली, त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू, ती कोंबडी फार चांगली झाली होती.

सोमवारी ती शाळेत गेली नाही. बाजारात गेली, पन्नास किलोचं पोतं घेतलं. मंगळवारी दस्लामनं ते पाठीवर घेतलं. पुलापाशी तो पाऊल चुकून गुडघ्यावर आला, पण त्यानं पोतं भिजू दिलं नाही. ओसरीवर कारकुनानं पोतं तोललं आणि पाकीट उघडून पाहिलं. बरोबर आहे, म्हणाला, आणि दोघांना एकेक द्रोणभर भात आणि सुपारीएवढा मिठाईचा तुकडा दिला. मांडवात गाणी लागली होती. पहिल्या रांगेत, सोनेरी खुर्चीवर, तालुक्याच्या मॅडम बसल्या होत्या, हिरव्या रेशमात. त्यांनी तुर्सीतीला ओळखलं आणि हात हलवला. मग हसून तीन बोटं वर केली. गरज, हौस, बचत. तुर्सीतीनंही हात हलवला.

डब्यात दोन लाख उरले होते.

*

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बू लुराह स्वतः चालत आली. आमच्या गल्लीत ती कधी येत नाही. दस्लामनं घाईघाईनं अंगात सदरा घातला. तुर्सीतीनं दिलेला पाण्याचा पेला बू लुराहनं ओठांना लावला, चुलीचं कौतुक केलं, म्हातारीच्या पाया पडली.

"दस्लाम, तुम्ही दोघांनी माझी लाज राखलीत," ती म्हणाली. "अख्खं पोतं. मला रडू आलं. म्हटलं, या घरासाठी आपणही काहीतरी केलं पाहिजे."

दस्लामनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"धाकटी शनिवारी सेमारांगला जातेय, सासरी. मोठं घर आहे, दोघंही नोकरीला. घरात विश्वासाची पोरगी हवी. नुर हुशार आहे, स्वच्छ आहे." तिनं नुर्यानीकडे पाहिलं. "आणि दाखलाबिखला काही लागत नाही."

"कारखान्याची भरती..." तुर्सीतीनं सुरुवात केली.

"ती गेली ना हातातून? महिना संपला की आज. आणि तिथं डोळे जातात, यू. इथं आपल्याच माणसांत राहील. महिना सात लाख, खाऊनपिऊन. पहिले दोन महिने नाही देणार, गाडीभाडं आणि कपडे त्यातूनच. तिसऱ्यापासून." मग सहज, उठता उठता, "यादीत तुमचं नाव राहिलंय बरं का. मी यांना सांगितलं."

सात लाख. कारखान्यात बावीस. तुर्सीतीच्या डोक्यात वजाबाकी आपोआप झाली. चौदा महिन्यांची सवय. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दस्लाम आपल्या पावलांकडे पाहत होता. नुर्यानी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि ती आईकडे अशी पाहत होती की आता तू काहीतरी बोल. एक वाक्य. कुठलंही.

"उपकार झाले, बू," तुर्सीती म्हणाली.

शनिवारी दुपारी पांढरी गाडी आली. नवरा-नवरी पुढे. मागच्या बाकावर आहेराची खोकी छतापर्यंत. त्यांच्यात नुर्यानीसाठी कोपरा ठेवलेला. तिनं मांडीवर स्वतःची पिशवी घेतली, तिच्यावर मग त्यांनी भात शिजवायचं विजेचं नवं भांडं ठेवलं, फुटेल म्हणून धरायला. त्यामुळे तिला हात हलवता आला नाही. म्हातारीनं काचेवर थाप मारून विचारलं, "रात्री जेवायला येशील ना?" गाडी निघाली.

दस्लाम तिथं नव्हता. दुपारची फेरी होती. पोय वाट बघत नाही.

तुर्सीती घराकडे वळली नाही. ती माडांच्या रांगेत गेली. पाऊस थांबला होता, बुंधे अजून ओले होते. पुलापाशीच्या उंच माडाखाली त्याच्या वहाणा आणि रिकामे नळे दिसले. ती मान वर करून उभी राहिली. वर झावळ्यांत त्याची पाठ दिसत होती. कोयता चालत नव्हता.

"कांग!"

वर एक झावळी हलली.

"कांग, झालं का? उतरा."

"थांब."

त्या शेंड्यावरून शहराकडे जाणारा रस्ता दिसतो, भाताच्या खाचरांमधून, थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत. खालून फक्त बुंधे दिसतात.

"दिसतेय?" तिनं विचारलं.

"दिसतेय. फाटक पडलंय. थांबलीय गाडी."

लांब कुठंतरी आगगाडी आली. तिचा आवाज खाचरांवरून आला, वाढला, बराच वेळ चालला आणि विरला. तुर्सीतीनं दोन्ही तळवे ओल्या बुंध्याला लावले होते. लाकूड थरथरत होतं, वाऱ्यानं की वरच्या माणसानं, ते तिला कळेना.

"कांग? आता?"

तिनं पुन्हा विचारलं.

"उघडलं फाटक," तो वरून म्हणाला.